घर विकायचे आहे? आधी बहिणींना विचारा!

दुकानातला माल कसा खपवायचा, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण तोच व्यापारी राहते घर विकायला काढतो तेव्हा त्याची सारी व्यापारी बुद्धी कुठे जाते, हे आम्हाला न सुटलेले कोडे आहे. धंद्यात खोट आली, मुलीचे लग्न निघाले, भावाभावांत वाटणी ठरली किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडायचे झाले, की घर विकण्याचा विचार होतो. अशा प्रत्येक वेळी पैशाची निकड असते. तरीही घर वर्ष-दोन वर्षे तसेच पडून राहते. दलाल येतात, गिऱ्हाईक येते, चहा होतो, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून मंडळी जातात ती पुन्हा फिरकत नाहीत. मालक म्हणतो, बाजार मंद आहे.

बाजार कधी कधी मंद असतोही. परंतु आमच्या पाहण्यात जे व्यवहार रखडले त्यांतले बहुतेक बाजारापायी रखडले नव्हते. ते कागदांपायी रखडले होते, आणि कागद रखडले होते ते घरातल्याच माणसांपायी. म्हणून रंग, चुना, दुरुस्ती या गोष्टींकडे आम्ही नंतर येऊ. पहिला प्रश्न हा की, जे घर विकायला काढले आहे ते विकणाऱ्याचे आहे काय?

प्रश्न विचित्र वाटेल, पण मालेगाव असो, भिवंडी असो की मिरज, जुन्या मोहल्ल्यातले घर बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. वडील वारतात. थोरला मुलगा नगर भूमापन कार्यालयात अर्ज देतो आणि मिळकत पत्रिकेवर भावांची नावे चढतात. बहिणींची नावे ‘राहून जातात’. ती का राहून जातात हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. पुढे वीस वर्षे थोरला घरपट्टी भरतो, छप्पर दुरुस्त करतो, आणि हळूहळू त्याला खरोखरच वाटू लागते की घर आपले आहे.

शरियतचा कायदा असे मानत नाही आणि देशाचा कायदाही मानत नाही. १९३७ च्या शरियत कायद्यानुसार मुसलमानाच्या घराचा वारसा शरियतप्रमाणे जातो. ज्या क्षणी मय्यत झाली त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरला. त्यासाठी वाटणीपत्राची वाट पाहावी लागत नाही. सरकारी दप्तरातली नोंद ही कर वसुलीच्या सोयीसाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने मालकी नाहीशीही होत नाही. बहिणीने वीस वर्षे काही मागितले नाही, एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही. भावाला विकता येतो तो फक्त स्वतःचा हिस्सा.

हिशेब करून पाहू. समजा, एक यंत्रमागवाला वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. तर्क्यातून दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत असल्यास ती वजा करून जे उरेल त्यातला आठवा हिस्सा पत्नीचा. उरलेल्या सात हिश्शांत प्रत्येक मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक. घर २४ लाखांचे धरले तर आईचे ३ लाख, दोघा भावांचे प्रत्येकी ६ लाख आणि तिघी बहिणींचे प्रत्येकी ३ लाख. म्हणजे दोघा भावांनी मिळून सही केली तरी ती १२ लाखांच्या मालाची सही झाली. निम्मे घर त्यांचे नाहीच! असा माल दुकानात कोणी विकला तर आपण त्याला काय म्हणू?

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. आजचे गिऱ्हाईक वकील लावते. बँकेचे कर्ज काढणारे असेल तर बँकेचाही वकील असतो. तो मुसलमानाच्या घराची फाईल उघडतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘मुली किती?’ हाच असतो. उत्तर ऐकून तो सर्व बहिणींच्या सह्या मागतो. मग धावपळ सुरू होते. एक बहीण धुळ्याला, एक सुरतेला, एक वारलेली आणि तिची मुले मावशीकडे. ज्या बहिणीला वीस वर्षांत ईदशिवाय फोन गेला नाही तिला अचानक ‘एक सही पाहिजे’ म्हणून फोन जातो. तिला राग आला तर नवल ते काय? ती म्हणते, विचार करून सांगते. गिऱ्हाईक महिनाभर थांबते आणि दुसरे घर घेते.

यावर आमच्यात एक पळवाट रूढ झाली आहे. बहिणीला खरेदीखतात ‘लिहून देणार’ न करता ‘मान्यता देणार’ करायचे, तिची सही घ्यायची आणि पैशाचा विषय काढायचाच नाही. किंवा आधीच हक्कसोडपत्र करून घ्यायचे, तेही आईच्या देखत, म्हणजे बहिणीला नाही म्हणता येऊ नये. ‘आमच्या बहिणींनी माफ केले’ असे भाऊ अभिमानाने सांगतात. आम्ही विचारतो, तिच्या हातात रक्कम ठेवून मग विचारले होते काय? उलेमा नेहमी हेच सांगत आले आहेत की आधी हिस्सा ताब्यात द्या. नंतर तिने खुशीने परत दिला तर ती तिची देणगी. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणणे आम्हाला जमत नाही.

आणि यात भावांचे नुकसान फार होते असेही नाही. बहिणींना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले, किंमत ठरवताना विचारले, हिस्सा किती आणि कधी मिळेल हे कागदावर लिहून दिले, तर सह्या आठ दिवसांत होतात. आयकराच्या दृष्टीनेही प्रत्येक वारसाचा नफा वेगळा मोजला जातो, त्यामुळे सगळा बोजा एकाच्या डोक्यावर पडत नाही. जो भाऊ सगळी रक्कम स्वतःच्या खात्यात घेतो त्याला आयकर खाते सगळ्या रकमेचा जाब विचारते.

वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असेल तर जास्त सावध राहावे. आई मुलांचा सांभाळ करते म्हणून तिला त्यांचा हिस्सा विकता येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मिळकतीचा पालक बाप असतो, त्याच्यामागे बापाने वसीयतीने नेमलेला माणूस, मग आजा. आई, थोरला भाऊ, चुलता यांना हा अधिकार आपोआप मिळत नाही. १९१८ सालीच प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले आहे. अशा वेळी १८९० च्या पालक कायद्याखाली न्यायालयातून पालक नेमून घेऊन विक्रीची परवानगी घ्यावी लागते. याला महिने लागतात, म्हणून घराची पाटी लावण्याआधी हा अर्ज द्यावा. यतीमाचा माल हा विषय किती नाजूक आहे हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

कोकणातल्या आणि मुंबईच्या पुष्कळ कुटुंबांत एखादा भाऊ आखाती देशात असतो. तो मे महिन्यात सुटीवर येईल तेव्हा सही करील म्हणून व्यवहार ताटकळतो. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. पुष्कळ लोक ते कपाटात ठेवून देतात आणि ऐनवेळी अडतात. तो आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर गिऱ्हाइकाला त्याच्या हिश्शातून बराच जास्त कर कापून भरावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागवून ठेवता येतो. सौदा झाल्यावर ही गोष्ट समोर आली तर गिऱ्हाइकाला वाटते आपल्याला फसवले.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. आमच्या अनेक वस्त्या गुंठेवारीच्या जमिनीवर, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या तुकड्यांवर उभ्या राहिल्या. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोडीनेही येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली बांधकाम नियमित करून घेण्याची सोय आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. ज्यांचे बसते त्यांनी ते करून घ्यावे. त्यावर होणारा खर्च किमतीत भरून येतो, कारण मग कर्ज काढणारे गिऱ्हाईकही दारात येऊ शकते. मुंबईत डोंगरी, भेंडीबाजार भागातली पागडीची खोली असेल तर घरमालकाला सौद्याआधी विश्वासात घ्यावे. पागडीचा व्यवहार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्य केला आहे, पण नवी भाडेपावती देणारा शेवटी तोच, आणि रूढीप्रमाणे त्याचा हिस्सा असतो, बहुधा तिसरा. जमीन वक्फची असल्याची शंका असेल तर आधी वक्फ मंडळाच्या यादीत पाहावे. वक्फची मिळकत विकता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तर पळवाटाही बंद केल्या. वडिलांनी तोंडी हिबा केला होता असे म्हणणारे बरेच भेटतात. तोंडी हिबा वैध आहे, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही त्याला सूट दिली आहे. मात्र देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला, या तिन्ही गोष्टी सिद्ध करता आल्या पाहिजेत. वडील मरेपर्यंत त्याच घरात मालक म्हणून राहिले असतील तर गिऱ्हाइकाचा वकील मान हलवतो.

आता किमतीकडे वळू. घराची किंमत आमच्याकडे कशी ठरते? मुलीच्या लग्नाला आठ लाख, सूतवाल्याचे देणे सहा लाख, नवी जागा घ्यायला अठरा लाख, म्हणून घर बत्तीस लाखांना! गरजेची बेरीज म्हणजे किंमत. पण गिऱ्हाइकाला तुमच्या मुलीच्या लग्नाशी काय देणेघेणे? त्याला शेजारच्या गल्लीत तेवढेच घर पंचवीसला मिळत असेल तर तो तिकडे जाईल. दुसरी रीत अशी की, मागल्या गल्लीतले घर ‘चाळीसला गेले’ हे चहाच्या दुकानात ऐकायचे आणि त्यावरून आपला भाव लावायचा. चहाच्या दुकानातली किंमत नेहमी खऱ्यापेक्षा जास्त असते. विकणारा मोठेपणासाठी वाढवून सांगतो आणि दलाल पुढचा सौदा आणण्यासाठी.

खरी किंमत कळण्याचे साधन सर्वांना खुले आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या प्रत्येक खरेदीखताची सूची क्रमांक दोन निघते. तीत मिळकत, क्षेत्र आणि रक्कम असते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरही ती शोधता येते. आपल्या मोहल्ल्यातले मागच्या एका वर्षातले पाच-सहा व्यवहार काढून चौरस फुटाचा दर पाडावा. त्यात कुठे रोखीचा भाग लपलेला असेल हे व्यापाऱ्याला कळतेच. तेवढा अंदाज ज्याने त्याने करावा. जोडीला सरकारी दरतक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तो पाहावा. जुन्या घराला नव्या फ्लॅटचा दर लावू नये. चाळीस वर्षांच्या भिंतींची किंमत फार थोडी असते. मोल असते ते जमिनीचे, रस्त्याचे आणि पाण्याचे. वडिलांनी स्वतः विटा वाहिल्या ही गोष्ट आपल्यासाठी अमूल्य, म्हणजे तिची किंमत करता येत नाही.

असा जो आकडा निघेल त्याच्यावर घासाघिशीसाठी फार तर चार-पाच टक्के ठेवावेत. तीस-चाळीस टक्के नव्हे. आमचे व्यापारी बंधू यावर म्हणतात, ‘सांगायला काय जाते? नंतर उतरू.’ जाते ते असे. घर विकायला निघाले ही बातमी पहिल्या महिन्यात ताजी असते. ज्यांना त्या मोहल्ल्यात घर हवेच आहे ती सारी गिऱ्हाइके त्याच महिन्यात येऊन जातात. त्यांना ३२ लाख ऐकवले की ती उठतात, आणि सहा महिन्यांनी तुम्ही २७ वर आलात तेव्हा त्यांनी दुसरीकडे घर घेतलेले असते. नवे गिऱ्हाईक विचारते, इतके दिवस विकले का गेले नाही? काही भानगड आहे का? मग ते २३ ला मागते.

कापड बाजारात मागल्या ईदचा माल पडून राहिला तर आपण पुढच्या ईदची वाट पाहत बसतो काय? भांडवल मोकळे करायला दहा टक्के सोडून देतो आणि नवा माल भरतो. घराचाही असाच हिशेब मांडा. २५ लाखांचे भांडवल धंद्यात महिना २० हजार जरी कमावून देत असेल तर १८ महिने थांबण्याची किंमत ३ लाख ६० हजार झाली. वर घरपट्टी, दुरुस्ती आणि देणेकऱ्याचे तोंड. ३२ च्या नादात १८ महिन्यांनी २४ हाती येण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात २५ हाती आलेले काय वाईट?

मात्र लवकर विकणे वेगळे आणि घाबरून विकणे वेगळे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत किती कुटुंबांनी मिळेल त्या भावाला घरे सोडली आणि मुंब्र्याची वाट धरली, हे ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. त्या वेळी घरे घेणारे सगळे परके होते असेही नाही, हे आम्हाला स्पष्ट लिहिले पाहिजे. आजही एखादा भाऊ देण्यात बुडाला की त्याचे घर निम्म्यात मागणारे आपल्याच मशिदीत आपल्याच रांगेत उभे असतात. मजबूर माणसाकडून मातीमोल भावाने माल घेणे फुकहांनी नापसंत केले आहे. ‘त्याची मर्जी होती, त्याने दिले’ म्हणून समाधान मानणाऱ्या श्रीमंत बंधूंनी याचा विचार करावा. विकणाऱ्यानेही आपली निकड दलालाला सांगू नये. सुताच्या व्यापाऱ्याला भेटून तीन महिन्यांची मुदत मागून घ्यावी, ती पुष्कळदा मिळते, आणि तीन महिन्यांत खऱ्या भावाने घर जाते.

सरकारी दरतक्त्याच्या फार खाली उतरण्याचीही अडचण आहे. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते. शिवाय खरेदीखतातली रक्कम सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर आयकर खाते सरकारी मूल्यच धरते, विकणाऱ्यासाठीही आणि घेणाऱ्यासाठीही. ‘थोडे कागदावर, थोडे हातात’ या जुन्या सवयीबद्दल एवढेच सांगतो की, २०१५ पासून घर विकताना २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. आणि असे पाहा, चार लाख लपवणारा भाऊ ते फक्त सरकारपासून लपवत नाही. बहिणींचे हिस्सेही कागदावरच्या रकमेवरच निघतात ना!

नफ्यावरचा कर पुष्कळांना वाटतो तेवढा भारी पडत नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही निवासी व्यक्तीला आहे. जे कमी ते भरावे. वारशाने आलेल्या घराला वडिलांची मूळ खरेदी धरतात, आणि ती फार जुनी असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला काढून ठेवावा. नफा ठराविक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवल्यास सूट मिळते. नफा फक्त भावाच्याच नव्हे, आईच्या आणि बहिणींच्या नावेही मांडला जाईल हे सनदी लेखापालाला आधीच सांगावे.

एवढे झाल्यावर चुन्याची बादली हातात घ्यायला हरकत नाही. आमच्या कारागिरांच्या घरात राहणे आणि कारखाना एकाच छताखाली असतो. खाली चार माग, वर बिऱ्हाड. गिऱ्हाईक येते ते तेलाने काळी झालेली फरशी, भिंतीला टेकलेली बिमे आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट घेऊन परत जाते. मागांसकट घर विकू पाहणाऱ्याला दोन्हींची किंमत मिळत नाही. माग आधी वेगळे विकावेत किंवा हलवावेत, पाया उखडून जमीन सपाट करावी, धंद्याची वीजजोडणी बंद करून थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. मगच दार उघडावे. मागांच्या हादऱ्याने भिंतींना चिरा गेल्या असतील तर त्या लिंपून झाकू नयेत. इंजिनीअरला दाखवावे आणि त्याचा अहवाल फाईलमध्ये ठेवावा.

गळतीचेही तसेच. पावसाळ्यात ओल आलेली भिंत दिवाळीनंतर रंगवून गिऱ्हाइकाला दाखवायची, ही युक्ती सर्रास चालते. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि वरच्या कोरड्या दाण्यांखाली ओल निघाली, तो प्रसंग आपल्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तोंडपाठ आहे. मग तोच हात रंगवलेल्या भिंतीवरून फिरला तर? शरियतमध्ये ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. १८८२ च्या कायद्याचे कलम ५५ ही सांगते की, मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष साध्या पाहणीत दिसणार नाही तो विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे. गच्चीची गळती आधी काढून घ्यावी आणि कुठे, केव्हा, किती खर्चाने काढली ते बिलासह सांगावे. आमचा अनुभव असा आहे की दोष स्वतःहून सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक कमी घासाघीस करते. त्याला वाटते, हा माणूस बाकीचेही खरे सांगत असेल.

बाकी खर्च बेताचा करावा. संडास-मोरी स्वच्छ, नळ न गळणारे, दिवे लागणारे, माळ्यावरचे भंगार काढलेले आणि पांढरा चुना, एवढे पुरे. विकायच्या घरात नव्या टाइल्स बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या आवडीवर आपले पैसे लावणे आहे. रमजानात घर दाखवायला काढू नये, कोणी येत नाही. घर दाखवताना चार भाऊ, दोन जावई आणि शेजारी यांचा घोळका बरोबर नसावा. बोलणारा एकच असावा आणि त्याला सर्व वारसांनी किमतीची खालची मर्यादा ठरवून दिलेली असावी.

विचारणा पहिल्यांदा कोणाला करावी? भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याला. शरियतमध्ये भागीदाराला आणि शेजाऱ्याला शुफाचा हक्क सांगितला आहे. नुसत्या शेजारावर आधारलेला हा हक्क आता देशाच्या न्यायालयात टिकत नाही, पण व्यापारी दृष्टीने तो शहाणपणाचा आहे. तुमचे घर जितके शेजाऱ्याच्या उपयोगाचे तितके दुसऱ्या कोणाच्या नाही, आणि वादाची भिंतही त्याच्याशीच असते. त्याने नाही म्हटले की दोन महिन्यांसाठी एकाच भरवशाच्या दलालाला घर द्यावे, दलाली लिहून ठरवावी. पाच दलाल पाच भाव सांगत फिरले की गिऱ्हाईक सगळ्यात कमी भाव धरून बसते. आणि भाव चढवायला मेहुण्याला गिऱ्हाईक म्हणून उभे करण्याचा प्रकार, ज्याला नजश म्हणतात, तो सरळ सरळ निषिद्ध आहे. घर फक्त आपल्या जमातीतच विकायचे असा हट्ट धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गिऱ्हाइके चौथ्या हिश्शावर येतात आणि भावही त्याच मापाने खाली येतो. ज्यांना तो परवडतो त्यांनी तो धरावा.

सौदा ठरला की बयाना घेऊन इसारपावती करावी. सूरह बकरामध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, तरी ‘आपला माणूस आहे’ म्हणून तोंडी बयाना घेणारे आमच्यात कमी नाहीत. पावतीत पूर्ण रक्कम, मुदत, मुद्रांकाचा खर्च कोण करणार, घरपट्टी आणि वीजबिल कुठपर्यंत कोणाचे, ताबा केव्हा, हे सर्व लिहावे. गिऱ्हाईक फिरले तर बयान्याचे काय, हेही आधीच लिहावे. बयाना जप्त करण्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, त्यामुळे आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारून ते कलम घालावे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर गिऱ्हाईक एक टक्का कर कापून भरील, तो हिशेबात धरावा.

खरेदीखताच्या दिवशी एकाच थोरल्या भावाच्या नावाने धनादेश घेऊ नये. गिऱ्हाइकाला आधी सांगून प्रत्येक वारसाच्या नावाने त्याच्या हिश्शाचा वेगळा धनादेश काढायला लावावा आणि धनादेशांचे क्रमांक व रकमा खरेदीखतात लिहून घ्याव्यात. वरच्या उदाहरणातले सहा वारस असतील तर सहा धनादेश. बहिणींनी ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, सही करण्याच्या आधी, स्वतःच्या हातात घ्यावेत.